चार घरगुती गोष्टी : वरचा लेप आणि आंतलें लांकूड

तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कल्हईविषयीं आम्हीं मागें ह्याच सदरांत चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनीनें पृच्छा केली आहे कीं, "कल्हईचीं भांडीं आतां माळ्यावर गेलीं. आमच्या स्वयंपाकघरांत चोहोंकडे सनमायका आहे आणि त्याच्या कडा सुटल्या आहेत. त्यास कल्हई कोणती?" प्रश्न विनोदानें केलेला असला तरी मार्मिक आहे, आणि आम्हांस तर तो अंमळ झोंबलाच, कारण ह्या सुटलेल्या कडेनें आमची एकदां चांगली फजिती केलेली आहे. ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे पुढील उपदेश वाचकांस कोरडा वाटणार नाहीं.

आमचें बिऱ्हाड सांगलीस, कृष्णाकांठीं. घरांत वडिलांच्या वेळचें एक सागवानी मेज आहे. त्यावर वर्षभर वडील मुलांस रूपावली घोकून घेत व भाद्रपदांत त्याच मेजावर घरचा गणपति बसे. १९७४ सालीं आमच्या दादांनीं पहिल्या पगारांतून त्या मेजावर सनमायका चढविला. आम्ही तेव्हां मॅट्रिकच्या अभ्यासांत होतों. वडिलांस नवें सोंग फारसें रुचत नसे. परंतु सांडलेली शाई ओल्या फडक्यानें पुसली जाते हें पाहून तेही निवळले. पुढें पंचेचाळीस वर्षें त्या लेपानें शाई, तेल, हळदकुंकू आणि नातवंडांचे उपद्व्याप सर्व कांहीं सोसलें.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेस महापूर आला. आमच्या तळमजल्यांत चार दिवस पाणी होतें. पाणी ओसरल्यावर आंत शिरलों तों दोन गोष्टी एकदमच नजरेस पडल्या. आमच्या सूनबाईंनीं शिकवणीच्या पैशांतून तीन वर्षांपूर्वीं करून घेतलेलीं स्वयंपाकघरांतील कपाटें भुशाच्या दाबीव फळीचीं होतीं. तीं पाण्यानें फुगून खालून पार उकललीं होतीं. वरचा लेप तसाच लखलखीत, आंत मात्र ओला लगदा! मेज तेवढें चार पायांवर उभें होतें. फक्त त्याचा सनमायका दोन कडांनीं सुटून पापडासारखा वर वळला होता.

गणेशचतुर्थी २ सप्टेंबरची, म्हणजे हातांत अवघे तीन आठवडे. आम्हीं तात्काळ सुतारास बोलावूं पाहिलें. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, इतक्यांत नको. लांकूड आंतून ओलें आहे. यंदा गणपति पाटावर बसवूं, दिवाळीनंतर मेजाचें पाहूं." सुतारही तेंच म्हणाला, "गुरुजी, त्याला ऊन लागूं द्या, मग मी आहेच." परंतु ज्यानें उभा जन्म दुसऱ्यांस शिकविण्यांत घालविला त्यास दुसऱ्याचें ऐकण्याची संवय राहात नाहीं. आम्ही म्हणालों, "इतक्या वर्षांचा नेम पुरानें मोडावा काय?" आणि घरांत दुरुस्तीसाठीं म्हणून जे पैसे बाजूस काढले होते त्यांतूनच नवा सनमायका आणविला. ते पैसे खरें पाहतां स्वयंपाकघरासाठीं ठेविलेले होते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं.

गणपति मेजावर बसला. आल्यागेल्यानें मेजाची वाखाणणी केली. पुढें दिवाळीच्या सुमारास मेजाच्या मध्यभागीं टम्म फुगलेल्या पुरीसारखा फुगा आला, एक कड पुन्हां सुटली आणि तिच्याखालून कुबट वास येऊं लागला. उचलून पाहतों तों खालीं काळ्या बुरशीचे ठिपके! सूनबाई त्या दिवसांत दोन विटांच्या थरांवर फळी टाकून तीवर स्वयंपाक करीत होत्या. त्यांनीं एक शब्द उच्चारला नाहीं. दोन शब्द बोलल्या असत्या तर आमचें मन हलकें झालें असतें.

त्यानंतर मात्र आम्हीं ह्या लेपाचा पाठ अगदीं मुळापासून घेतला. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

सनमायका हें वास्तविक एका व्यापारी मालाचें नांव. तें लोकांच्या तोंडीं बसून सामान्यनाम झालें. नांवांत 'मायका' म्हणजे अभ्रक असलें तरी वस्तूंत अभ्रकाचा कणही नसतो. ह्याची मौज अशी : १९१२ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील वेस्टिंगहाउस कारखान्यांतील डॅनियल ओ'कॉनर व हर्बर्ट फेबर ह्या दोघांनीं विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजीं वापरतां येईल असा एक राळमिश्रित थरांचा पत्रा तयार केला. अभ्रकाऐवजीं, इंग्रजींत 'फॉर मायका', म्हणून त्याचें नांव 'फॉर्मायका' पडलें. म्हणजे जें अभ्रक नव्हे म्हणून जन्मास आलें, त्याच्याच जातीच्या मालास आपण अभ्रकाच्या नांवानें हांक मारतों!

हा पत्रा मुळांत कागदाचाच असतो. जाड तपकिरी कागद फिनॉलच्या राळेंत भिजवून त्याचे अनेक थर एकावर एक रचतात. त्यांवर नक्षीचा एक कागद मेलामाइन नांवाच्या दुसऱ्या राळेंत भिजवून ठेवितात. आणि हा सर्व ढीग १२० अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णतेंत, दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ५० किलोहून अधिक दाबाखालीं दाबून काढतात. तयार पत्रा बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. कड नीट निरखली तर नक्षीखालीं जी तपकिरी रेघ दिसते तीच त्या कागदांची.

आतां ह्यांतील मर्म असें कीं, ह्या राळा भाजलेल्या विटेसारख्या आहेत. वीट एकदां भाजली कीं तिची पुन्हां माती होत नाहीं. तशी ही राळ एकदां दाबून भाजली कीं पुन्हां वितळत नाहीं. म्हणून पत्रा कठीण, पाण्यास व तेलास दाद न देणारा. परंतु त्यास लांकडाशीं जोडणारा जो चिकट पदार्थ, तो मात्र बहुधा लाखेच्या किंवा मेणाच्या स्वभावाचा, उष्णतेनें मऊ होणारा असतो. जुन्या काळीं सुतार सरस उकळून लावीत. १९५९ सालीं फेव्हिकॉल निघालें, आणि त्यापुढें ह्या पांढऱ्या डिंकानें सरसाची कढई हळूहळू चुलीवरून उतरविली. दुसरा प्रकार पिवळसर, रबराच्या जातीचा; तो दोन्हीं पृष्ठांस लावून, सुकवून, मग चिकटवावयाचा असतो. तेव्हां सनमायका निकामी झाला असें आपण म्हणतों त्या वेळीं पत्रा बहुधा धडधाकट असतो. दगा दिलेला असतो एक तर डिंकानें, नाहीं तर आंतल्या लांकडानें.

हा लेप सुटण्याचीं कारणें मुख्यतः चार. पहिलें, पाणी. पत्र्याच्या तोंडावर घागर ओतली तरी बिघडत नाहीं. पण मोरीजवळच्या कापलेल्या कडेंतून रोज थेंब थेंब मुरलें कीं आंतील फळी फुगते आणि डिंक सुटतो. दुसरें, उष्णता. चुलीवरून उतरलेली कढई तशीच ठेविली कीं वर डाग पडतो, फोडही येतो आणि खालचा डिंक मऊ होतो. तिसरें, लांकडाचें आकुंचन व प्रसरण. अखंड फळी पावसाळ्यांत रुंदीच्या बाजूनें फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते. पत्रा त्याच मापानें हलत नाहीं, आणि मध्यें सांपडलेल्या डिंकाची ओढाताण होते. चौथें, मूळचेंच ढिसाळ काम : धुळीवर, तेलकट पृष्ठावर किंवा ओल्या लांकडावर चिकटविलेला पत्रा.

आमच्या मेजावर ह्यांपैकीं दोन पापें एकदम घडलीं. पांढरा डिंक सुकतो तो त्यांतील पाणी लांकडांत शोषलें जाऊन. लांकूडच पाण्यानें तट्ट असेल तर तें पाणी जाणार कोठें? वर तर कोंडून घालणारा पत्रा! शिवाय लांकूड पुढें जसजसें सुकत गेलें तसतसें आक्रसत गेलें, आणि अर्धवट सुकलेल्या डिंकाची पकड सुटली.

आतां उपाय. ते घरच्या घरीं होण्याजोगे आहेत. फक्त घाई करूं नये.

कड थोडीशी सुटली असेल तर प्रथम ती पाणी न लावतां साफ करावी. बोथट सुरीनें किंवा पॉलिश कागदाच्या घडीनें आंतील जुन्या डिंकाचा भुगा व धूळ काढून टाकावी. आंत ओल असेल तर फटींत कांडी अडकवून ती पुरती सुकूं द्यावी. ह्यास आठवडाही लागतो, लागूं द्यावा. पत्रा उचलतांना फार वांकवूं नये. तो वळत नाहीं, एकदम तडकतो. मग पांढरा डिंक पातळसा आंत सारून, कड दाबून, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानें लागलीच पुसून, वर फळी व फळीवर पाटा किंवा तत्सम ओझें चोवीस तास ठेवावें. उभ्या दारास ओझें ठेवतां येत नाहीं. तेथें रबरी डिंक बरा. तो दोन्हीं बाजूंस पातळ लावून, बोट टेकलें तरी चिकटत नाहीं इतका सुकूं द्यावा, व मगच कड दाबावी. मात्र एकदां टेकली कीं ती पुन्हां हलविण्याची सोय नाहीं, म्हणून नेम आधींच धरावा. दाबण्यास घरचें लाटणें उत्तम.

ह्या रबरी डिंकाविषयीं एक इशारा. त्याची वाफ झटकन् पेट घेते व डोकेंही दुखविते. तो वापरतांना दारेंखिडक्या सताड उघडाव्या. गॅस, निरांजन, उदबत्ती कांहीं म्हणजे कांहीं पेटतें असूं नये. देवघर स्वयंपाकघराशेजारीं असलेल्या घरांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

मध्यभागीं फुगा आला असेल व खालचें लांकूड कोरडें असेल, तर जाड सुती फडकें दुमडून फुग्यावर ठेवावें व बेताच्या तापलेल्या इस्त्रीनें पंधरा-वीस सेकंद दाबावें. वर सांगितल्याप्रमाणें जुना डिंक उष्णतेनें मऊ होतो. इस्त्री काढतांच त्या जागीं थंड, सपाट ओझें ठेवून तें पुरतें निवेपर्यंत हलवूं नये. पुष्कळांचा उपाय फसतो तो येथेंच. ऊष्मा दिला म्हणजे काम झालें असें त्यांस वाटतें. वास्तविक चिकटण्याचें काम निवतांना होत असतें. इस्त्रीनें न भागल्यास सुतारानें बारीक सामत्यानें एक भोंक पाडावें आणि इंजेक्शनच्या पिचकारीनें आंत डिंक सोडून वर ओझें ठेवावें. भोंक मेणानें बुजवितां येतें.

चरा पडला असेल तर मात्र घासण्याच्या फंदांत पडूं नये. नक्षी एका कागदाइतकीच जाड. तिच्याखालीं लागलीच तपकिरी थर. त्या रंगाचें कठीण मेण भरून चरा झांकावा, इतकाच इलाज. आणि आंतली भुशाची फळी फुगली असेल, तर तीस औषध नाहीं. फुगलेला भुसा सुकला तरी पुन्हां पूर्वस्थितीस येत नाहीं. तेवढा तुकडा कापून नवा घालावा. वर नवा पत्रा चढविणें म्हणजे आमच्या मेजाचीच पुनरावृत्ति.

हल्लीं पाठीस डिंक लावलेल्या प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या मिळतात. पाठीचा कागद सोलला कीं कपाटास नवें रूप येतें, म्हणून भाड्याच्या घरांत त्यांचा प्रघात पुष्कळ आहे. त्या सनमायकाच्या मानानें अल्पायुषी; पण खर्चही तसाच अल्प. त्या लावण्यापूर्वीं कपाटाचा तेलकटपणा साबणाच्या पाण्यानें काढून तें खडखडीत वाळवावें. कोपरे टोंकदार न ठेवतां किंचित् गोल कापावे, म्हणजे हातांनीं व फडक्यांनीं उचकटत नाहींत. बुडबुडा राहिल्यास सुईनें टोंचून हवा कडेकडे सारावी. सुटलेला कोपरा केंस वाळविण्याच्या यंत्राच्या उष्ण हवेनें मऊ करून पुन्हां दाबावा. परंतु चुलीच्या अगदीं शेजारीं हें प्लॅस्टिक लावूंच नये. काढल्यावर मागें राहिलेला चिकटा खोबरेल चोळून थोडा वेळ ठेविल्यास सुटतो.

नवें काम करविणारांस दोनच सूचना. फळी घेतांना वरच्या नक्षीपेक्षां आंतल्या शिक्क्याकडे पाहावें. मोरीजवळ व स्वयंपाकघरांत उकळत्या पाण्यासही दाद न देणारें, भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेलें प्लायवुड घ्यावें. सनमायकासाठीं भारतीय मानक २०४६ आहे. दुसरी सूचना अशी कीं, फळीच्या एकाच बाजूस पत्रा लावल्यास ती कालांतरानें वांकते; म्हणून मागील बाजूसही साधा कां होईना पत्रा लावावा, आणि कापलेली एकही कड उघडी ठेवूं नये.

आमच्या संस्कृत वाचकांस येथें वज्रलेपाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्चें टेंभुर्णीचें फळ, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादि द्रव्यें पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावयाचा. त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरेंचा कल्क मिसळावयाचा. आणि तो तापवून देवळें, वाडे, मूर्ति व विहिरी ह्यांस लावावयाचा. शिंगें व कातडीं ह्यांपासूनचा दुसरा एक लेपही तेथें सांगितला आहे. तो आपल्या सरसाचा पूर्वजच म्हणावयाचा. वज्रलेप कोटि वर्षें टिकतो असें ग्रंथकार म्हणतो. आम्हीं हा अध्याय वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगितलेला आहे. पण लेप कोटि वर्षांचा असला तरी ज्यास तो लावावयाचा तें पक्कें हवें, ही साधी गोष्ट आमच्या सूनबाईंस व सुतारास ठाऊक होती आणि आम्हांस नव्हती.

असो. मेजाचें पुढें काय झालें तें सांगून लेखणी ठेवितों. दिवाळीनंतर आम्हीं स्वतः सूनबाईंपुढें जाऊन म्हणालों, "सूनबाई, चूक आमची झाली. आधीं तुमचें स्वयंपाकघर, मग मेज." त्या क्षणभर थबकल्या व म्हणाल्या, "मामंजी, दोन्हीं बरोबर करूं. तुम्ही फक्त घाई करूं नका." आमच्या निवृत्तिवेतनांतून त्यांचीं कपाटें मार्गशीर्षांत झालीं, तीं ह्या खेपेस चांगल्या प्लायवुडचीं. मेजाचा पत्रा इस्त्रीच्या ऊष्म्यानें सोडवून काढला, बुरशी खरवडली आणि मेज भिंतीपासून दूर, सावलींत, वाऱ्यावर ठेविलें. लांकूड वाळलें कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति सूनबाईंचीच. मेजाचा सुटा खण त्या दर रविवारीं तराजूंत घालीत व वजन भिंतीवरील दिनदर्शिकेंत टिपून ठेवीत. वजन उतरत उतरत माघांत स्थिर झालें. तीन आठवडे फरक पडला नाहीं, तेव्हां सुतारास निरोप गेला. सागवान मूळचें तेलकट; म्हणून त्यानें चिकटविण्याच्या आधीं तें थिनरच्या फडक्यानें पुसून घेतलें, आणि लांकडाच्या हालचालीस थोडी मुभा देणारा रबरी डिंक लावला. दाबण्याच्या कामीं आमची नेमणूक झाली. दोन तास लाटणें फिरवून आमचे हात भरून आले.

२०२१ च्या जुलैंत कृष्णेस पुन्हां पूर आला. त्या वेळीं आम्ही कोणाशीं वाद न घालतां, सूनबाईंनीं सांगतांच, पहिल्या रात्रींच मेज माडीवर चढविलें. त्याची कड आजतागाईत सुटलेली नाहीं. ज्या दिनदर्शिकेवर तीं वजनें टिपलीं होतीं ती त्यांनीं टाकून दिली नाहीं. मेजाच्या खणांत, वडिलांच्या रूपावलीशेजारीं, घडी करून ठेविली आहे. आमच्या जुन्या संवयीनें आम्हीं तींत एक बेरजेची चूक शोधली आहे; पण ती दाखविण्याचें धैर्य अद्याप झालेलें नाहीं.